वेशींच्या आतले आणि बाहेरचे : नवी पेठेपासून पायी सोलापूर

युरोपातील जुन्या शहरांचा परिचय करून देणारे ग्रंथ बहुधा तीन गोष्टींवर भर देतात : इमारतींनी वेढलेला मोकळा नगरचौक, म्हणजे तिकडच्या भाषांत ज्याला प्लाझा किंवा पियाझ्झा म्हणतात तो, सर्वांसाठी खुली असलेली बाग, आणि या दोहोंकडे तोंड करून उभ्या असलेल्या दर्शनी इमारती. ही तिन्ही अंगे पायी चालतच पाहायची असतात, कारण ती माणसाच्या पावलाच्या मापाने घडलेली असतात. सोलापूर शहराविषयी असा विचार क्वचितच केला जातो. गिरण्या, चादरी, शेंगा चटणी आणि उन्हाळा एवढ्यावर या शहराची ओळख संपवली जाते आणि बाहेरचा प्रवासी रेल्वे स्थानकावरून थेट तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरकडे निघून जातो. वस्तुतः नवी पेठेत उभे राहून पूर्वेकडे पावले वळवली, तर एका सकाळीत बाराव्या शतकातील तलाव, बहमनी काळातील किल्ला, गेल्या शतकाच्या प्रारंभीचा प्रासाद आणि स्वातंत्र्यलढ्यातील एक असाधारण चौक असे सर्व काही पाहून होते. या मोकळ्या जागा कोणा राजाने शोभेसाठी आखलेल्या नाहीत. पाण्याची गरज, युद्धाची भीती, यात्रेची वाट आणि कामगारांचा संताप यांतून त्या निर्माण झाल्या आहेत, आणि म्हणूनच त्या वाचता येण्याजोग्या आहेत.

वाचनाची सुरुवात नवी पेठेपासून करणे सोयीचे आहे. कापड, भांडी, दागिने आणि सणासुदीच्या खरेदीसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून माणसे येतात ती याच पेठेत. दत्त चौक, लकी चौक, शिंदे चौक, मेकॅनिक चौक अशी चौकांची साखळी तिच्या सभोवती आहे, आणि भागवत कुटुंबाने उभारलेल्या चित्रमंदिरांमुळे या परिसराला अनेक दशके करमणुकीचे केंद्र म्हणूनही स्थान मिळाले. पेठ म्हणजे व्यापारासाठी वसवलेली वस्ती. दक्षिणेतील शहरे कसबा आणि पेठा अशा दोन प्रकारच्या वस्त्यांनी वाढत गेली. कसबा हे मूळ गाव, जिथे वतनदार, पुजारी, जुने कारागीर राहत, आणि पेठ ही मागाहून व्यापाऱ्यांना बोलावून, सवलती देऊन वसवलेली भर. सोलापुरात उत्तर कसबा आणि दक्षिण कसबा ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात, आणि त्यांच्याभोवती मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, साखर, बेगम, भवानी, जोडभावी, मुरारजी अशा पेठा पसरलेल्या आहेत. वारांची नावे असलेल्या पेठांत त्या त्या वारी बाजार भरे, ही सर्वसाधारण समजूत; मुरारजी पेठेचे नाव मात्र सोलापुरातील पहिल्या कापड गिरणीचे प्रवर्तक शेठ मोरारजी गोकुळदास यांची आठवण ठेवते. अशा नावांच्या मालिकेत नवी पेठ ही उघडच उशिराची, आणि तिचे तोंड जुन्या कसब्याइतकेच रेल्वे स्थानकाकडेही वळलेले आहे.

जुने सोलापूर तटबंदीच्या आत होते. तटाला ठिकठिकाणी वेशी, म्हणजे गावाची दारे होती, आणि सूर्यास्तानंतर ती बंद होत. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग सोलापूरपर्यंत आला, मराठवाडा आणि विजापूरकडचा कापूस व धान्य येथे उतरू लागले, वस्ती वाढली आणि तटाच्या आत जागा पुरेना. तेव्हा १८५२ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेने १८७२ च्या सुमारास पूर्वेचा तट आणि इतर बाजूंचे काही भाग पाडून टाकले. तट गेला, परंतु बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस, कुंभार वेस ही ठिकाणे राहिली. रिक्षावाल्याला आजही वेशीचेच नाव सांगावे लागते, आणि या नावांच्या खुणा जोडत गेले की पाडलेल्या तटाची रेषा मनात आपोआप उमटते. शहर पायी पाहणाऱ्याने प्रथम ही रेषा लक्षात घ्यावी, कारण तिच्या आतील रस्ते वाकडे, अरुंद आणि सावलीचे आहेत, तर तिच्या बाहेरील रस्ते सरळ, रुंद आणि उन्हाचे.

तट पाडण्याच्या या घटनेचा काळ लक्षणीय आहे. व्हिएन्नाचा तट पाडण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८५७ मध्ये दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे हा प्रशस्त वर्तुळमार्ग तयार होऊन १८६५ मध्ये खुला झाला. बार्सेलोनाने आपला तट १८५४ पासून पाडण्यास घेतला आणि १८५९ च्या इल्देफोन्स सेर्दाच्या आराखड्याप्रमाणे बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर चौकोनी वसाहत आखली. पोलंडमधील क्राकूवने तर त्याही आधी, १८२० च्या दशकात, पाडलेल्या तटाच्या जागी शहराभोवती बागेचा एक अखंड पट्टा लावला. तोफांपुढे गावकूस निरुपयोगी ठरल्यावर जगभरच्या शहरांनी जवळजवळ एकाच शतकात आपापले तट उतरवले. प्रत्येकाने मोकळ्या झालेल्या जागेचे काय केले, यातच त्या त्या शहराचा स्वभाव दिसतो. व्हिएन्नाने तेथे संसद, नाट्यगृह आणि संग्रहालये बांधली. सोलापुराने जागा रस्त्यांना, दुकानांना आणि घरांना दिली, कारण नगरपालिकेची ऐपत तेवढीच होती आणि निकडही तीच होती. क्राकूवसारखा झाडांचा पट्टा त्या वेळी राखला गेला असता, तर दरवर्षी एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या शहराला तो किती उपयोगी पडला असता, याची कल्पना उन्हाळ्यात एकदा नवी पेठेतून दुपारी चालून पाहिल्यास कोणालाही येईल. तथापि सोलापुराने एक गोष्ट पाडली नाही, आणि तीच आज शहराचा सर्वांत मोठा मोकळा अवकाश होऊन बसली आहे. ती म्हणजे भुईकोट किल्ला.

नवी पेठेतून पार्क चौकाच्या दिशेने निघाले की वाटेत चार हुतात्मा पुतळ्यांचा चौक लागतो. या ठिकाणी थांबणे भाग आहे. महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्याची बातमी पसरताच सोलापुरातील गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी मोठा जमाव गेला, कारण ताडी-माडीवरील कर हे सरकारी उत्पन्नाचे साधन होते आणि झाडे तोडणे हा त्या उत्पन्नावरचा घाव होता. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला, संतप्त लोकांनी मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले आणि न्यायालयाच्या इमारतीलाही आग लागली. इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे रेल्वे स्थानकाच्या आश्रयाला गेली. त्यानंतरचे काही दिवस शहरात परकीय सत्ता नावालाही उरली नव्हती आणि काँग्रेसचे स्वयंसेवक वाहतूक व बंदोबस्त सांभाळत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा, म्हणजे नागरी न्यायालये बाजूला सारून लष्कराच्या हाती दिलेला कारभार, लागू झाला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा खटला चालवून त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

चौघांची नावे पुन्हा वाचावीत. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कानडी, मारवाडी, मराठी आणि दखनी बोलणारी घरे. सोलापूरच्या पेठांची जी वस्ती, तीच या चौकात पुतळ्यांच्या रूपाने उभी आहे. युरोपातील नगरचौकात मध्यभागी बहुधा घोड्यावर बसलेला राजा किंवा विजयी सेनापती असतो. येथे फासावर गेलेले चार नागरिक आहेत. ऑस्ट्रियन वास्तुविद कामिलो झिट्टे याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नगररचनेवरील ग्रंथात असे दाखवून दिले होते की, जुन्या चौकांची परिणामकारकता त्यांच्या बंदिस्तपणात असते, चहूबाजूंनी इमारतींची भिंत असली की माणूस तेथे रेंगाळतो आणि पुतळे वाहतुकीच्या मार्गात न ठेवता कडेला ठेवले की त्यांच्याजवळ जाता येते. या कसोटीवर चार हुतात्मा चौक कमी पडतो. पुतळे वाहनांच्या ओघाच्या मध्यभागी आहेत, त्यांच्याभोवती क्षणभर उभे राहायचे तर रस्ता ओलांडण्याचे धाडस करावे लागते, आणि परिणामी शहरातील सर्वांत अर्थपूर्ण जागा बहुतेक लोक दुचाकीवरून कडेने जातानाच पाहतात. जागतिक स्वातंत्र्यलढ्यांच्या इतिहासात मानाचे पान असलेल्या घटनेचे स्मारक याहून निवांत जागेला पात्र आहे, यात शंका नाही.

येथून जवळच पार्क मैदान, म्हणजे आजचे इंदिरा गांधी क्रीडांगण, आहे आणि चालण्याच्याच अंतरावर इंद्रभुवन ही महानगरपालिकेची वास्तू आहे. सोलापूरचे धनाढ्य व्यापारी आणि गिरणी उद्योगातील अग्रणी मल्लप्पा उर्फ अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी राहण्यासाठी बांधलेला हा प्रासाद पुढे नगरपालिकेकडे आला आणि १ मे १९६४ रोजी महानगरपालिका स्थापन झाल्यावर तिचे मुख्यालय म्हणून ओळखला जाऊ लागला. दर्शनी बाजूच्या कमानींच्या रांगा, पुढे आलेले सज्जे, स्तंभशीर्षे आणि दगडातील नाजूक कोरीव काम पाहता येथील गवंड्यांनी आणि पाथरवटांनी युरोपीय व भारतीय नक्षीचे घटक संकोच न करता एकत्र केले आहेत, हे ध्यानात येते. मुंबईत सरकारी इमारतींसाठी वापरली गेलेली ही मिश्र शैली सोलापुरात एका व्यापाऱ्याच्या घराला वापरली गेली, यात त्या काळच्या गिरणी भांडवलाचा आत्मविश्वास आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तिला लोक पुढे जुनी मिल म्हणू लागले. शतकाच्या अखेरीस नरसिंगगिरजी आणि लक्ष्मी या गिरण्या निघाल्या, नंतर विष्णू आणि जाम मिलची भर पडली. यांतील बहुतेकांचे भोंगे आता बंद झाले आहेत आणि आवारांत नव्या वसाहती उठल्या आहेत. गिरणीच्या पैशातून उभा राहिलेला इंद्रभुवन मात्र स्मार्ट सिटी योजनेतून दुरुस्त होऊन पुन्हा उजळला आहे.

पार्क चौकाकडून किल्ल्याकडे वळले की एकदम उतार, झाडी आणि मोकळे आकाश लागते. हा खंदक. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार न घेता सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला, आणि ज्याला निसर्गाने उंची दिली नाही त्याला संरक्षणासाठी खोली खणावी लागते. सोलापूरच्या जुन्या गॅझेटियरमधील वर्णनानुसार किल्ल्याची लांबी सुमारे २३० यार्ड व रुंदी १७६ यार्ड, भोवती बुरुजांनी युक्त असा दुहेरी तट, आणि पूर्वेची तलावाची बाजू वगळता तिन्हीकडे शंभर ते दीडशे फूट रुंदीचा पाण्याचा खंदक होता. या रुंदीला कारण आहे. शत्रूला शिडी लावू द्यायची नाही, सुरुंग खणू द्यायचा नाही आणि तोफ तटाच्या फार जवळ आणू द्यायची नाही, ही तिन्ही कामे एक खंदक करतो. दुहेरी तटाचेही असेच : बाहेरचा तट पडला तरी आत शिरलेला शत्रू दोन भिंतींच्या मधल्या बोळात सापडतो आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता येतो. दरवाजेही एका सरळ रेषेत नाहीत. एकातून दुसऱ्यात जाताना वळावे लागते, म्हणजे हत्तीला धावत येऊन दार फोडता येत नाही. पायी जाणाऱ्याला ही वळणे पावलांत जाणवतात, आणि लष्करी स्थापत्याचे जे तत्त्व नकाशावर समजायला वेळ लागतो, ते येथे चालताना तत्काळ उमगते.

बहमनी काळात उभारलेला हा किल्ला पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातील भांडणाचे कायमचे कारण झाला. विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईपूर्वी या दोन शाह्यांची सोयरीक जमली तेव्हा अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी हिच्या विवाहात सोलापूरचा किल्ला विजापूरच्या अली आदिलशहाला आंदण म्हणून दिला, यावरून त्याचे मोल कळते. शेवटची लढाई मे १८१८ मधील. फेब्रुवारीत आष्टीच्या रणात बापू गोखले पडल्यावर पेशवाईची जी फौज उरली, तिचा मोठा भाग सोलापूरच्या आसऱ्याला होता. इंग्रज सेनानी मन्रो याच्या सैन्याने काही दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला.

आत शिरल्यावर डोळ्यांना प्रथम दिसतात ती झाडे आणि हिरवळ, आणि नंतर दगड. कोरीव खांबांचे मंदिराचे अवशेष, बत्तीस खांबांची वास्तू, बुरुजांवर चढणारे जिने आणि तटाच्या बांधकामात मधेच बसवलेले नक्षीचे जुने दगड. किल्ले बांधताना आधीच्या वास्तूंचे घडीव दगड वापरण्याची प्रथा दख्खनमध्ये सर्वत्र दिसते, आणि येथील तट नीट पाहिला तर एकाच भिंतीत चालुक्य-यादव काळापासून बहमनी काळापर्यंतचे हात ओळखता येतात. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच्या लगत हुतात्मा बाग आहे. सकाळी फिरायला येणारे, अभ्यासाला बसणारे विद्यार्थी आणि सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे यांनी हा भाग भरलेला असतो. इंग्लंडमध्ये लोकांच्या पैशाने लोकांसाठी केलेली पहिली बाग म्हणून बर्कनहेडच्या १८४७ मधील उद्यानाचा उल्लेख होतो, मुंबईत राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. ही उद्याने आखून केलेली होती. सोलापूरची बाग युद्धाने खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या आधाराने वाढली. कमी पावसाच्या, पाण्यासाठी तळमळणाऱ्या या प्रदेशात हिरवळ जेथे पाणी आधीपासून साठत आले तेथेच टिकते, हा येथील उद्यानविद्येचा मूळ नियम आहे, आणि तो सिद्धेश्वर तलावाकडे पाहिल्यावर पूर्ण पटतो.

किल्ल्याच्या पूर्वेचा तट थेट तलावात उतरतो. पाण्यापलीकडे, पाण्यानेच वेढलेले, श्री सिद्धेश्वराचे मंदिर दिसते. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सोन्नलगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात सिद्धराम शिवयोगी होऊन गेले. कन्नड वचनसाहित्यात त्यांचे स्थान मोठे आहे. वचन म्हणजे शरणांनी, म्हणजे शिवभक्त संतांनी, लोकभाषेत, छंदाचे बंधन न मानता केलेली भक्तिपर उक्ती. परंतु सोलापूरकरांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे लोकांना बरोबर घेऊन श्रमदानाने खणलेला हा तलाव आणि गावाच्या भोवती व आत स्थापन केलेली अडुसष्ट लिंगे. मंदिराच्या प्रांगणात त्यांची योगसमाधी आहे. ज्या काळात तळे खणणे हे राजाचे पुण्यकर्म समजले जाई, त्या काळात एका योग्याने ते सार्वजनिक काम म्हणून उभे केले आणि आठ शतकांनंतरही शहराचा मध्यबिंदू तेच राहिले, ही गोष्ट नगरविकासाच्या कोणत्याही ग्रंथात नोंदवण्यासारखी आहे.

या अडुसष्ट लिंगांमुळे सोलापूरला पायी फिरण्याचा एक प्राचीन मार्ग मिळाला आहे. मकरसंक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच, जड काठ्या. त्या कमरेच्या पट्ट्यात तोलून धरत, पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घातलेले मानकरी चालत राहतात. मिरवणुकीचा प्रारंभ उत्तर कसब्यातील, यात्रेचे मानकरी असलेल्या हिरेहब्बू यांच्या वाड्यापासून होतो. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी, त्यानंतर शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी, असा क्रम आहे. अक्षतेच्या सोहळ्यामागची कथा अशी की, सिद्धरामांच्या सेवेतील एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली आणि योग्याला विवाह नाही म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावण्यास संमती दिली. त्या विवाहाची मंगलवचने आजही कन्नडमध्ये म्हटली जातात आणि मराठी, तेलुगू, उर्दू बोलणारे सोलापूरकर हजारोंच्या संख्येने अक्षता टाकतात.

नगररचनेच्या दृष्टीने या यात्रेचा अर्थ असा की, शहरातील बोळ, कट्टे, चौक आणि मैदान यांना जोडणारा पादचारी मार्ग कोणत्याही विकास आराखड्याच्या आधीपासून अस्तित्वात आहे आणि तो दरवर्षी चालून जिवंत ठेवला जातो. काठ्या उंच असल्यामुळे वाटेवर वरून आडवे येणारे काही टिकू दिले जात नाही, मिरवणूक रुंद असल्यामुळे अतिक्रमणे मागे सरतात, आणि ज्या रस्त्यांवर एरवी पायी चालणे अशक्य झाले आहे ते रस्ते त्या दिवसांत माणसांचे होतात. होम मैदानाचेही तसेच. यात्रेच्या विधीसाठी ते राखले गेले म्हणूनच शहराच्या ऐन मध्यभागी एवढी मोठी जागा इमारतींपासून वाचली.

मंदिराकडून पंचकट्टा आणि विजापूर वेशीच्या बाजूने परत जुन्या गावात शिरले की सोलापूरच्या खऱ्या गृहरचनेचे दर्शन होते. मधला मारुती, माणिक चौक, कोंतम चौक, कन्ना चौक या भागांत हिंडताना दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर ठेवावी, कारण खालचा मजला काचेचा आणि वरचा दीडशे वर्षांपूर्वीचा, असे अनेक ठिकाणी आढळते. माणिक चौकातील आजोबा गणपती हा सार्वजनिक उत्सवाच्या जुन्या परंपरेसाठी ओळखला जातो आणि त्याची स्थापना १८८५ ची मानली जाते.

या भागातील जुनी घरे माळवदाची आहेत. माळवद म्हणजे सपाट धाबे : काळ्या दगडाच्या जाड भिंतींवर सागवानी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा पाट, आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पांढरी माती, म्हणजे जुन्या गावठाणाची चिकण, चुनखडीयुक्त माती, ओली झाली की घट्ट बसते आणि थोडा पाऊस अंगावर घेऊन पाणी खाली झिरपू देत नाही. कोकणात असे छप्पर एका पावसाळ्यात वाहून गेले असते. सोलापूरच्या अल्प पावसात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याचा मोठा गुण उन्हाळ्यात कळतो. दगड आणि माती यांना तापायला वेळ लागतो, त्यामुळे दुपारचे ऊन खोलीत उतरेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर घरातील माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. मधोमध चौक, चौकाभोवती सोपे, म्हणजे खांबांचे उघडे ओसरीवजा दालन, आणि रस्त्याकडे एखादेच लहान दार, ही रचना धूळ आणि झळा बाहेर ठेवून आत सावली व हवा आणते. स्पेनमधील सेव्हिल आणि कोर्दोबा येथील अंगणाची घरे पाहायला जगभरचे प्रवासी जातात; तीही याच हवामानाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहेत. सोलापूरचा वाडा मात्र त्याच्या मालकालाही जुनाट वाटतो आणि त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या सिमेंटच्या इमारतीला दुपारी वातानुकूलन यंत्राशिवाय राहता येत नाही.

पूर्वेकडे आणखी चालल्यास साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक या भागांत तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची वस्ती लागते. तेलंगणातून विणकर येथे आले, आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर विणू लागले. घर आणि कारखाना येथे वेगळे नव्हते. पुढच्या खोलीत माग, मागे संसार, दारात सूत वाळत घातलेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते अशा घरांमधील कौशल्याच्या बळावर. या वस्तीत पाहण्यासारखी भव्य इमारत नाही, पण मागांच्या ठेक्याने भरलेला एखादा बोळ ऐकत उभे राहावे, इतके त्याचे महत्त्व आहे.

स्कॉटिश नगरविद पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढील वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या शहरात सरळ रुंद रस्ता घुसवण्यासाठी शेकडो घरे पाडण्याच्या तत्कालीन सरकारी पद्धतीला त्यांनी कडाडून विरोध केला आणि तिच्या जागी राखत राखत दुरुस्ती करण्याचा मार्ग सुचवला : आधी गल्लीगल्लीतून पायी फिरावे, मोडकळीला आलेले एखादेच घर काढून तेथे छोटा चौक करावा, विहीर आणि झाड वाचवावे, तळे बुजवू नये. गेडिस यांची ही रीत सोलापूरला आजही तंतोतंत लागू पडते. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा समावेश झाला आणि तलाव, मैदान, मंडई, इंद्रभुवन अशा ठिकठिकाणच्या कामांवर निधी खर्च झाला. कामे स्वतंत्रपणे चांगली असली, तरी एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत जाणारी वाट मात्र पादचाऱ्याच्या वाट्याला आलेली नाही. नवी पेठ ते चार हुतात्मा चौक, तेथून किल्ला, किल्ल्यापासून तलाव, आणि तलावापासून विजापूर वेस एवढा मार्ग सलग पदपथाने आणि झाडांच्या सावलीने जोडला गेला, तर सोलापूरला नवीन बाग बांधण्याची आवश्यकता उरणार नाही. हे काम खर्चिक नाही; नवी पेठेतील रस्त्यावर ठराविक वेळी वाहनांना मज्जाव करण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.

वाचकाने हा मार्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, दुकाने उघडण्यापूर्वी, सूर्योदयाच्या सुमारास चालावा. जमल्यास यात्रेच्या आठवड्यात चालावा. किल्ला केंद्र सरकारच्या कायद्याने सुरक्षित आहे आणि इंद्रभुवन महापालिकेच्या ताब्यात आहे, म्हणून ही दोन स्थळे पुढच्या पिढीलाही दिसतील. कसब्यातील माळवदाच्या वाड्यांना असा कोणताही आधार नाही. ते त्यांच्या मालकांच्या इच्छेवर आणि ऐपतीवर उभे आहेत. सोलापुरातील ज्यांच्या घराला अजून माळवद आहे, त्यांनी ते उतरवण्यापूर्वी निदान त्याची मापे, छायाचित्रे आणि बांधणीची माहिती एखाद्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाकडे द्यावी.